आसूढाळ घोडा

दादा, म्हणजे माझे वडील, नांदेडात बैलगाड्या करायचे. निजामी अमलाच्या अखेरच्या काळात मुदखेडच्या एका पाळणेवाल्यानं त्यांना फिरत्या पाळण्यासाठी लाकडी घोडे करायला सांगितले. दादांनी धडं हलक्या पांगाऱ्याची केली, पाय सागवानाचे, आणि रंगासाठी निर्मळ गावचा, लाकडी खेळणी रंगवणारा कारागीर बोलावला. बहुतेक घोडे गुबगुबीत झाले. मला विचाराल तर ते म्हशींच्या जास्त जवळचे होते. एक मात्र त्यांनी नालबंदाच्या दारात बांधलेल्या घोडीवरून कोरला. रोज जाऊन तिला निरखून यायचे, मग पटाशी हातात घ्यायचे. तिच्या डोळ्यांखाली केसांचे दोन भोवरे होते. तेही त्यांनी केस न् केस वळवून लाकडात उतरवले, आणि त्यांच्यावर ते भलतेच खूश होते.

पाळणा खंडोबाच्या जत्रेत उभा राहिला आणि आम्हीही घरचे सगळे जत्रेला गेलो. तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरायचा, त्यामुळे येणारा जो तो घोड्यांचा पारखी. पोरं कडेवर घेऊन आलेले बाप आधी लाकडी घोड्यांभोवती चक्कर मारायचे आणि या घोड्यापाशी थबकायचे.

"आसूढाळ हाय ह्यो. डोळ्याखाली भोवरा. धन्याच्या घरी रडारड आणतंय असलं जनावर."

दादांना बैल कळायचे, घोडे नाही. बाकीच्या घोड्यांवर पोरांची झुंबड आणि हा रिकामा. एक बाजू हलकी पडून पाळणा कलायला लागला, तेव्हा पाळणेवाल्यानं त्याच्या पाठीवर वाळूची गोणी बांधली.

"मिस्त्री, तासून टाका की ते भोवरे," तो म्हणाला.

"लाकूड हाय ते. लाकडाला कसली आलीय खोड? एक पोर बसू द्या, मग बगा," दादा म्हणाले. "मी न्हाई तासनार."

जत्रा उलगायला आली तरी गोणीच फिरत होती. दादांना जेवण जात नव्हतं. आईला ते बघवेना. तिनं गोणी सोडायला लावली, मला उचललं आणि त्या घोड्यावर बसवलं. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. हात पुढे केला की भोवरे बोटांना लागायचे. मला तो घोडा फार आवडला. माणसांनी पाळणा ढकलला, लोक बघत उभे राहिले.

फेरा पुरा व्हायच्या आत दादा धावत आले. दांडा धरून त्यांनी पाळणा थांबवला आणि मला ओढून खाली घेतलं.

"अवो, तुमीच म्हनलाव ना, लाकूड हाय म्हनून?" आई म्हणाली.

"दुसऱ्या कुनाचंबी बसू दे," दादा म्हणाले. "ही नको."

सगळ्यांनी ते ऐकलं. कुणी हसलं नाही. मला दादांचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांनी मला आईकडे दिलं, पिशवीतून पटाशी काढली आणि दोन्ही भोवरे स्वतःच्या हातानं तासून टाकले.

लगेच एका बापानं आपलं पोर त्या घोड्यावर बसवलं. दादा बघायला थांबले नाहीत.