दुप्रतरावांच्या बिननावाच्या फायली

पाणीखात्यात बत्तीस वर्षं दप्तर सांभाळून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळी इमारत दुप्रतराव म्हणे. अर्ज दुप्रतीत, पावती दुप्रतीत, ही सवय घरीही आलेली. चष्मे दोन, छत्र्या दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन. बायको मात्र एकच, पण ती दोघींना भारी आहे, असं शेजारणी म्हणत. अर्थात दुप्रतरावांच्या कानावर जाईल इतक्याच हळू.

निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. दुप्रतरावांना चालायचा कंटाळा आणि सून नव्हती. म्हणून त्यांनी घरात सर्व्हर बसवला. म्हणजे सुताराकडून दोन्ही बाजूंनी उघडी अशी लाकडी पेटी करून घेतली आणि तिच्यात एक जुना कॉम्प्युटर आणि शेजारीशेजारी दोन डिस्क बसवल्या. एकीवर लिहावं, दुसरीवर आपोआप तेच उमटावं. याला मिरर म्हणतात, आरसा, असं ते जिन्यात भेटेल त्याला समजावून सांगत. मग लोक लिफ्टने जाऊ लागले.

फोटो, बिलं, जुनी पत्रं, सगळं त्या पेटीत गेलं. चौदा कॅसेटीही गेल्या. त्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या. ताईला पत्र लिहायचा आळस आणि बोलायचा अजिबात नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कॅसेटवर बोलून पाठवायची. ताई वारली, तेव्हा दुप्रतरावांनी त्या साऱ्या कॅसेटी आवाज बंद ठेवून कॉम्प्युटरवर उतरवल्या, प्रत्येकीला तारीखवार नाव दिलं आणि मूळ कॅसेटी भंगारात घातल्या. दोन प्रती असताना घरात धूळ कशाला, हा त्यांचा सवाल होता. बायको काही बोलली नव्हती. बोलायला हवं होतं, हे तिला पुढे कळलं.

एके दिवशी पेटी टूंटूं करू लागली. दुपारच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून दुप्रतरावांनी भोंग्याची वायर काढली. यंत्र बिचारं इमानी. एक डिस्क मेली आहे, असा ईमेल ते रोज सकाळी पाठवत राहिलं. पण दुप्रतरावांनी सवयीने पत्ता दिला होता ऑफिसचा, आणि तो त्यांच्या निरोपाच्या हाराबरोबरच सुकून गेला होता. चार महिने तक्रार करूनही वरून उत्तर नाही. पाणीखात्याची रीत यंत्राने लवकर आत्मसात केली म्हणायची.

मग ताईचा वाढदिवस आला. सकाळचा चहा झाल्यावर बायको म्हणाली, आज तिचा आवाज लावा. दुप्रतरावांनी स्क्रीन उघडला, तर डावीकडची डिस्क चार महिन्यांपूर्वीच वारलेली. ते जराही डगमगले नाहीत. मेली तर मेली, दुसरी आहे. पेटी चालू असतानाच त्यांनी रुबाबात डावीकडची डिस्क उपसून काढली.

ती जिवंत होती. पेटीचा पंखा आपल्या खुर्चीवर गरम वारा सोडतो म्हणून बायकोने आठवड्यापूर्वी अख्खी पेटीच उलटी फिरवून ठेवली होती. डावं उजवीकडे गेलं होतं.

सगळं थबकलं. त्यांनी डिस्क घाईघाईने परत खुपसली. यंत्राने सांगितलं, फायलींची मांडणी बिघडली आहे, दुरुस्त करू का? हो. हा दुवा तोडू का? हो. ही नोंद पुसू का? हो. साहेबाने पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही करण्यात ज्याची हयात गेली, तो आता काय वाचणार. हो, हो, हो.

मग फोल्डर उघडला. रिकामा.

"अहो," बायको म्हणाली, "ताई कुठाय?"

"सापडेल."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. त्या घरात ही फार वाईट खूण. दुप्रतराव स्वतः जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले.

खालच्या घरची सून हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होती. तिने वर येऊन आधी यंत्र बंद केलं आणि दुप्रतरावांना हात मागे बांधून बसायला सांगितलं.

"काका, बॅकअप कुठाय?"

"हाच की. आरसा."

"तुम्ही शर्ट काढलात, तर आरशातला माणूस घालून बसतो का?"

स्वयंपाकघरातून पहिल्यांदा काहीतरी आवाज आला.

तिने नवी डिस्क मागवली. आधी जिवंत डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली आणि मग हात लावला तो फक्त नकलेला. यात दोन दिवस गेले. तेवढ्यात दुप्रतरावांचं वजन दोन किलोंनी उतरलं, असं शेजारणींचं मत. तिसऱ्या दिवशी, दुरुस्ती करताना यंत्र बेवारस फायली जिथे टाकतं, त्या फोल्डरात अकरा हजार फायली सापडल्या. नाव एकीलाही नाही, नुसते आकडे.

"सगळं आहे, काका. नावं तेवढी गेली."

मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी लावणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे क्रूरपणाच. ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलं. ऐकून, ती म्हणाली.

आवाजाच्या फायली साठेक निघाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा निरोपसमारंभातल्या दुप्रतरावांच्या भाषणाच्या, दोन-दोन प्रतींत. नवरा-बायको शेजारीशेजारी बसून एकेक लावू लागले. सातव्या फायलीत आधी खरखर झाली, मग बांगड्या वाजल्या आणि ताई बोलली.

"...बरं, आमचा दुप्रतराव काय म्हणतो? एक छत्री हरवू नये म्हणून दुसरी राखणीला ठेवतो अजून?"

दुप्रतरावांनी मान वळवली. हे नाव इमारतीने ठेवलं, असं ते वीस वर्षं धरून चालले होते. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे वाहत होते आणि खांदे हसत होते.

"पुढचं लावा," ती म्हणाली.

चौदाही कॅसेटी मिळाल्या, आणि एकीतही दुप्रतरावांना सुट्टी नव्हती. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला, प्रत्येक फाईलला पुन्हा नाव दिलं आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. एक प्रत दुसऱ्या घरात ठेवायची असते, असं खालच्या सुनेने बजावलं होतं, म्हणून ती तिच्याच कपाटात ठेवली. तिथे ती कुणी ऐकत नाही, असं दुप्रतराव मानतात. जिन्यात मात्र हल्ली पुन्हा गर्दी असते, आणि जो तो त्यांना विचारतो, छत्री बरी आहे ना?