अक्कांची दोरी

अक्का कशा दिसायच्या ते मला विचारू नका. मी जन्मांध. मला ठाऊक आहे तो त्यांचा आवाज, आणि तो मात्र मी धुळ्याच्या बसस्टँडवरच्या कलकलाटातही ओळखला असता. आमच्या अंध मुलांच्या वसतिगृहात त्या रोज संध्याकाळी येत आणि आम्हा मुलांना पुस्तकं वाचून दाखवत. शिंदखेड्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. मानधन सोडाच, चहासुद्धा घरून पिऊन यायच्या.

धड्यात प्रश्न आला की अक्का थांबत. "मग नावाड्याने काय केलं असेल?" एवढं विचारून अशा गप्प बसत की उत्तर दिल्याशिवाय आम्हाला राहवत नसे. आम्ही वाट्टेल ते ठोकून द्यायचो. अशाने धडा कधी संपायचा, म्हणून वॉर्डन एकदा कुरकुरले. अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "इचारं म्हणजे वाट देखनी पडस, भाऊ." विचारलं तर उत्तराची वाट पाहावी लागते, हे ऐकल्यावर वॉर्डन पुन्हा त्या भानगडीत पडले नाहीत.

पुढे मी संगणक शिकलो, जळगावला नोकरीला लागलो. एक दिवस कळलं, अक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. वसतिगृहातल्या मुलांची परीक्षा दोन महिन्यांवर आणि वाचणारं कोणी नाही. मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवणारा प्रोग्राम घेऊन गेलो. मुलांनी दोन पानं ऐकली आणि एकेक करून उठून गेली. त्या यंत्रातल्या बाईचे शब्द सगळे शुद्ध होते, पण सूर सपाट, आणि प्रश्न आला की शेवटी आवाज खाडकन वर. अक्का माझ्या कानाशी कुजबुजल्या, "हाई इचारी ऱ्हायनी का दम दी ऱ्हायनी?"

"मग तुम्हीच शिकवा तिला विचारायला!" मी चिडून बोललो आणि लगेच जीभ चावली. कुजबुजीत शब्द असतात, चढउतार नसतो. त्या काय शिकवणार?

दुसऱ्या दिवशी अक्का गोधडी बांधायची जाड दोरी घेऊन आल्या. टेबलावर ती वाकवून मांडली आणि नावाड्याचा प्रश्न कुजबुजत माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. 'मग'पाशी जरा चढ, 'काय'वर चांगली टेकडी, 'असेल'ला हळूच उतार. त्यापुढे दोरीच नाही, मोकळं टेबल. तिथे थांबायचं. इतकी वर्षं कानांनी ऐकलेला आवाज त्या दिवशी माझ्या बोटाला लागला.

मग दर रविवारी जळगावहून एसटी पकडायची. त्या दोरी मांडणार, मी ते चढउतार संगणकात भरणार, प्रोग्राम त्यावरून शिकणार, आणि त्या ऐकून माझ्या हातावर चापट मारणार, "नही. अजून नही." शाळेत असताना एवढा मार मी खाल्ला नव्हता. एका रविवारी चापट आली नाही.

त्याच संध्याकाळी मुलांना परत बोलावलं. पुन्हा उठून गेली तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. तोच नावाड्याचा धडा लावला. "मग नावाड्याने काय केलं असेल?" यंत्रातल्या बाईने विचारलं आणि ती थांबली.

"उडी मारली!" मागून एक मुलगी ओरडली. "दोर टाकला!" "छे, पळून गेला!" अख्खी खोली बोलू लागली. यंत्राला उत्तर देत होती पोरं! मी बाकावर मूठ आपटली आणि डोळे पुसले.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली, पण एकही चप्पल हलली नाही. मीच यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. तो धडा त्यांना तोंडपाठ होता.

"बंद नको करू, भाऊ. पुढे काय व्हयनं, मालेबी ऐकनं शे."