दोन बाटल्यांचे दोन वाटे

आमच्या ह्यांच्या ईसीजीचा कागद डॉक्टर मॅडमनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "काशिनाथकाका, तुमच्या हृदयाचा ताल बिघडलाय." मी हसले. मनोरीच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. मी माझी शुगर तपासायला गेले होते आणि ह्यांना उगाच ओढत नेलं होतं. साठीच्या माणसाचं काहीतरी निघणारच, असं मला वाटलं. मग मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं आणि माझं हसू गेलं, कारण नाव फार लांब होतं.

एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साचतं, त्याची गाठ होते आणि ती मेंदूत गेली की माणूस लुळा पडतो. जाळं ओढताना ह्यांना दम लागायचा तो वयामुळे, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या खुर्चीवर धर्माभाऊ होते. त्यांचाही कागद तसाच निघाला. धर्माभाऊ म्हणजे आमच्या बोटीतले अर्धे भागीदार, ह्यांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांची बायको जना बाजारात माझ्या शेजारी बसते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धर्माभाऊ म्हणाले, "झकास. आजारपन पण भागीदारीत." इतक्या गमतीत सगळं सुरू झालं.

मॅडमनी दोघांनाही बोरिवलीच्या मोठ्या हॉस्पिटलात बोलावलं. तिथे क्लिनिकल ट्रायल चालू होती, म्हणजे नव्या औषधाची माणसांवर रीतसर तपासणी. मॅडमनी मराठीतला फॉर्म ओळ न् ओळ वाचून दाखवला. अर्ध्या लोकांना खरं औषध मिळणार, अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळालं ते पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र सगळ्यांना. फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती: ही गोळी दुसऱ्या कोणालाही देऊ नये. मी दहावी शिकलेली बाई. ती ओळ मी स्वतः वाचली होती.

सुरुवातीला दोघांनाही तीन दिवस ॲडमिट केलं. छातीला वायरी लावल्या, दर काही तासांनी ईसीजी काढला. हे कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "औषध कोणाच्या हृदयाला कसं मानवतं ते आधी बघावं लागतं." मी मान हलवली. ऐकलं आणि सोडून दिलं.

मग महिन्याला एक खेप सुरू झाली. मनोरीची फेरीबोट, मार्वेहून बस, मालाडला उतरून पुन्हा बस, आणि मग हॉस्पिटलच्या निळ्या खुर्च्या. तिथली सिस्टर बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायची, नवी बाटली द्यायची. प्रत्येक बाटलीवर एक नंबर.

दोन महिन्यांत धर्माभाऊ सुधारले. पुन्हा बोटीवर गेले, गळ्यात आवाज आला, जेट्टीवर सगळ्यांची टिंगल सुरू झाली. आमचे हे मात्र ओट्यावर छातीला हात लावून बसलेले. दोन जिने चढले की भिंत धरायचे. एकदा म्हणाले, "शेवंता, छातीत कोलंबी उडतेय गं जिवंत." मला रडू आलं आणि रागही आला. माझ्याच नवऱ्याच्या नशिबी रिकामी गोळी का?

कारण मी बाई हुशार. जे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं ते मी बसल्या जागी शोधून काढलं. एक सुधारला, एक नाही. म्हणजे खरं औषध धर्माभाऊंच्या बाटलीत. यात विचार कसला करायचा?

आमच्याकडे बोटीची एक रीत आहे. म्हावरं कोणाच्या जाळ्यात आलं ते कोणी बघत नाही, किनाऱ्यावर त्याचे सारखे वाटे पडतात. भागीदार आजारी असला तरी त्याचा वाटा त्याच्या घरी पोचतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाटे घालतेय. माझा हात असा बसलाय की दोन ढिगांत एका मांदेलीचा फरक पडायचा नाही.

मी धर्माभाऊंना जेट्टीवर गाठलं. जना बाजारात होती. मी म्हटलं, "तुमच्या गोळीतला वाटा ह्यांना द्या. तुमचं अर्धं त्यांना, त्यांचं अर्धं तुम्हाला." मला वाटलं होतं विचार करतील.

"बोटीवर कदी एकट्यानं वाटा घेतलाय का मी, वयनी? घेऊन ये तुजी बाटली," ते म्हणाले. "जनाला नको सांगू पन. ती घाबरंल."

ह्यांना मी सांगितलंच नाही. ते ऐकले नसते. दर महिन्याला दोन्ही बाटल्या ताटात ओतायच्या, कालवायच्या, दोन वाटे घालायचे आणि परत भरायच्या. तीन महिने मी हे केलं. संख्या बरोबर असल्यामुळे सिस्टरला काही कळलं नाही. उलट म्हणायची, "मनोरीवाले सगळ्यात शहाणे पेशंट." मला तेव्हा बरं वाटायचं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

कालवायला लागल्यापासून चौथ्या महिन्यात धर्माभाऊ सकाळी जेट्टीच्या पायऱ्या उतरताना चक्कर येऊन पडले. डोकं दगडावर आपटलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे मेंदूतला रक्तस्राव थांबेना. बोरिवलीला नेईपर्यंत शुद्ध गेली होती. आयसीयूत त्यांच्या हृदयाचे ठोके फारच कमी पडत होते. मॅडम पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "धर्माजींनी आणखी कुठलं औषध घेतलं का?"

आयसीयूच्या बाहेर मी सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुठेतरी फोन लावला. अशा वेळी ट्रायलमधलं गुपित उघडता येतं. परत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"खरं औषध तुमच्या मिस्टरांच्या बाटलीत होतं," त्या म्हणाल्या. "धर्माजींची गोळी रिकामी होती."

"मग ते सुधारले कसे?"

"हा आजार कधी कधी आपोआप ओसरतो. म्हणूनच तर रिकामी गोळी देऊन बघावी लागते, काकू." मग म्हणाल्या, "सुरुवातीचे तीन दिवस आम्ही त्यांचे ईसीजी पाहिले ते रिकाम्या गोळीवरचे. खरं औषध त्यांना मानवतं का, हे कोणीच पाहिलं नव्हतं. त्यात तुम्ही कालवल्यामुळे कधी सलग दोन-तीन दिवस खरी गोळी, कधी एकही नाही."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"याच कारणाने पडले, असं मी सांगू शकत नाही. नाही, असंही सांगू शकत नाही."

ह्या उत्तरावर मी आजपर्यंत दिवस काढतेय.

अकराव्या दिवशी धर्माभाऊ गेले. मॅडमनी जनाला बोलावून सगळं समजावलं. मी शेजारीच होते. गोळ्यांचा वाटा कोणी मागितला होता, एवढं सोडून बाकी सगळं त्यांनी सांगितलं. मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. जनाने ऐकून घेतलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"खरं औषध तुज्या घरचं व्हतं," ती म्हणाली. "म्हंजे आमच्या ह्यांनीच मागलं आसंल. तुज्या नवऱ्याच्या तोंडातलं खाल्लं. मना माफ कर, शेवंते."

मी गप्प बसले. तेव्हाही बसले आणि नंतर चार महिने बसले.

ह्यांना ट्रायलमधून काढलं. आता साध्या गोळ्या चालू आहेत. हृदय थरथरतंच आहे. पायाच्या शिरेतून तार घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळतात, त्याला ॲब्लेशन म्हणतात. मॅडमनी ते सुचवलं. पण आमचे हे नको म्हणतात. मी ह्यांना सगळं सांगितलं तेव्हापासून हे माझ्याशी जास्त बोलत नाहीत. बोटीवर आता जनाचा थोरला मुलगा जातो आणि रीतीप्रमाणे आजारी भागीदाराचा वाटा दर शुक्रवारी आमच्याकडे येतो. जना स्वतः घेऊन यायची. वर एखादं पापलेट ठेवलेलं असायचं, ह्यांना आवडतं म्हणून. ह्यांनी त्यातलं एकदाही खाल्लं नाही.

तुमच्या घरी असा आजार असेल, कोणी ट्रायलमध्ये असेल, तर मला एवढंच सांगायचंय. तुमच्या नावाची बाटली तुमचीच. ती द्यायला नाही म्हणालात तर तुम्ही वाईट होत नाही. आणि शेजारी सुधारला म्हणून त्याला काय मिळालं ते आपल्याला कळलं, असं समजू नका. बरं झाल्यावर आभार मानणाऱ्यांचे अनुभव मी पुष्कळ वाचले. माझ्याकडे द्यायला तसलं काही नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि गेल्या शुक्रवारी जना आली तेव्हा तिला बसवून वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवलं नाही. पूर्ण झाल्यावर विचारलं, "तू मागलंस?"

"हो."

"आन चार महिनं माज्या हातचा वाटा घेतलास."

"हो."

ती उठली, पदर सावरला आणि गेली. मी दारापर्यंतही गेले नाही.

आज शुक्रवार. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर टोपली होती. कोणाची हाक ऐकू आली नव्हती. बोंबील, थोडी मांदेली, मूठभर कोलंबी, रीतीप्रमाणे बरोबर अर्धं. वर पापलेट नव्हतं. मी टोपली आत घेतली आणि बोंबील साफ करायला बसले.