बचावपटूच्या मागे ओतलेलं पाणी

इथे जपानात, हिगाशी-कसाईत, आमच्या शेजारच्या घरात सर्बियाचा एक फुटबॉलपटू राहायचा, बचावफळीतला. गावच्या क्लबात सुरुवात, मग बेलग्रेड, मग हंगेरी, सायप्रस आणि आता जपानची दुसरी श्रेणी. हे सगळं त्याच्या बायकोनं मोडक्यातोडक्या जपानीत मला सांगितलं होतं. तिच्या लेखी ते क्लब नव्हतेच, आवरून सोडलेली घरं होती. गेल्या मोसमात त्याचा गुडघा दुखावला. करार संपत आलेला, आणि क्लबच्या डॉक्टरांनी गुडघा पास केला तरच तो वाढणार होता. नाहीतर पुन्हा बांधा बोचकी. म्हणून तिनं आल्यापासून अर्धी खोकी उघडलीच नव्हती.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो लिफ्टकडे निघाला आणि हिनं त्याच्या मागे भांडंभर पाणी ओतलं. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी ते दारातून पाहिलं. "काय वेंधळी बाई, पडेल ना कुणीतरी," म्हणत फडकं आणलं आणि सगळं लख्ख पुसून टाकलं. शेजारणीचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्याकडे म्हणे महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसामागे पाणी ओततात, काम विनाअडथळा व्हावं म्हणून.

मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या मटकन खालीच बसल्या. माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढला म्हणून मला किती वेळा बोलल्या आहेत, आणि आता स्वतःच. मला हसूही येत होतं आणि धाकधूकही होत होती. गुडघा नापास झाला तर ही बाई जन्मभर आमच्या नावानं बोटं मोडणार. सासूबाई उठल्या, तांब्या भरला आणि थेट लिफ्टपर्यंत ओतत गेल्या. वर जाहीर केलं, तो येईपर्यंत मी जेवणार नाही. इमारतीचे व्यवस्थापक फिरकले तर समजूत घालायला मी तिथेच राखणीला उभी. भोग माझे, दुसरं काय.

दुपारी तो आला. आमच्याकडे बघून त्यानं दोन बोटं वर केली. गुडघा पास, करार दोन वर्षं वाढला. हुश्श, माझ्या जिवात जीव आला. त्याची बायको रडायलाच लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "रडू नको पोरी. आता खोकी उघड, नीट घर मांड."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी जपानीत सांगेन म्हणून. मी सांगितलं, आणि 'नीट घर मांड' तेवढं दोनदा सांगितलं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, हे मला कुणीच म्हटलं नव्हतं.