दोनचं बटण

सीट पुढेही जाईना, मागेही जाईना. स्टिअरिंगला इतकी खेटली होती की वाघमारे सरांसारखा उंच माणूस आत बसूच शकत नव्हता. गाडी टोचन करून माझ्याकडे आणली.

मी परभणीत जिंतूर रोडला गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. दुकानात एकटाच. सर झरीचे, रिटायर्ड शिक्षक.

"बटन दाबलं, पुढं गेली अन् तितंच बसली. लय हलवून बघितलं," सर म्हणाले.

"चार वाजता या. होऊन जाईल."

पॉवर सीट, म्हणजे मोटरवर सरकणारी सीट, चार बोल्टांवर बसलेली असते. मागचे दोन दिसत होते. पुढचे दोन सीटखाली दबले होते. ते खोलायचे तर सीट मागे यायला हवी, आणि ती मागे यायची तर आधी दुरुस्त व्हायला हवी. पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. सीटखाली एअरबॅगचं कनेक्शन असतं, चालू करंटवर ते ओढलं तर फुगा तोंडावर फुटू शकतो.

मग दुसऱ्या बॅटरीवरून मोटरला डायरेक्ट करंट दिला. मोटर घूं करायची, सीट ढिम्म. म्हणजे मोटरची फिरकी सीटपर्यंत नेणारी मधली केबल झिजलेली. आडवा पडून मोटर सोडवली, सीट सरकवणाऱ्या लांब स्क्रूला ड्रिल मशीन लावलं आणि सीट बोटबोट मागे घेतली. हाताची सालटी निघाली. पण सीट बाहेर आली. सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्या डिझेलने धुतल्या, केबल बदलली, नवीन ग्रीस भरलं. मी स्वतःवरच खूश होतो.

सर आले. दारावर एक आणि दोन अशी बटणं होती; दाबलं की सीट त्या-त्या माणसाच्या ठरवून ठेवलेल्या जागी जाते. त्यांनी दोनचं बटण दाबलं. काहीच हललं नाही.

"मेमरी उडाली सर. जुन्या गाडीत बॅटरी काढली की उडते. एक तुमचं ना? लगेच सेट करू. दोनवर कोण बसतं, त्यांना घेऊन या."

सरांनी बटणावरचं बोट काढलं.

"ती न्हाई आता, मिस्तरी. दोन वर्षं झाली."

सरांच्या मॅडम नर्स होत्या. उंचीने कमी. ड्युटीला याच गाडीने जायच्या.

"रविवारी गाडी चालू करतो, दोन दाबतो. सीट आपोआप पुढं जाती. माझ्याबिगर घरात हालणारं तेवढंच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सीट कुठे अडकली होती, त्याची खूण जुन्या ग्रीसमध्ये राहिली असती. तीही मीच धुतली होती.

सर गाडीसमोर दहा पावलं जाऊन उभे राहिले.

"मी घरच्या गेटात हितक्याच लांब थांबायचो. काचंतून तिचं कपाळ अन् चष्मा दिसायचा, बस."

मी बटणं दाबत राहिलो. ते हाताने सांगत होते. पुढं. अजून. जरा वर. मधेच हात थांबायचा, परत उठायचा. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी हात खाली घेतला. मी सेट करून दोन दाबून ठेवलं.

"बरोबर आलं का सर?"

"आता कुणाला इचारावं?"

गाडी गेली. त्या दिवशी दुसरं काम हातात घ्यावंसं वाटलं नाही. शटर ओढून नुसताच बसून राहिलो.

आता बॅटरी काढण्याआधी मी प्रत्येक नंबरवर कोण बसतं ते विचारतो आणि सीटचं माप टेपने घेऊन लिहून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हाला कशाला नसत्या चौकशा? म्हणू दे. दोन मिनिटांचं काम आहे.