चष्मेवाले गेले

पाखरूमामा पाखरं बघायला जायचे आणि झाडाखाली डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, "थवा आधी कानात येतो, मंग डोळ्यात." हप्त्याच्या सुट्टीला जालन्याहून एसटी धरून आम्ही दोघं अजिंठ्याच्या डोंगरात जायचो. बाकीचे सहा दिवस एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये, लाल सळ्यांपुढं.

मी चंद्रपूरकडून आठवी सोडून आलेलो, जरा आवाज झाला की दचकणारा. मामा-मामींनी आपल्या एका खोलीत मला जागा दिली. ते उपकार फिटायचे नाहीत.

थव्यातलं एकेक पाखरू मामा ओळखून सांगायचे. खाली नाचण शेपटी पसरून किडे उठवायचा, शेंड्यावर निखार, पानापानांत डोळ्याला पांढरं कडं असलेले चष्मेवाले, आणि मधल्या फांदीवर पहाऱ्याला कोतवाल. शिकरा दिसला की कोतवाल ओरडायचा, सगळे जिथल्या तिथं गप्प. "जात येगळी, बोली येगळी, पर हाक सगळ्यायला बराबर समजती," मामा म्हणायचे. ते सांगत, मी वहीत लिही.

पुढं मामा उदास होत गेले. "लिव, चष्मेवाले न्हाईत." दुसऱ्या वर्षी, "निखार बी गेले. डोंगर रिकामा होऊन राह्यला." मी तसं लिहायचो, आणि डोक्यावर तेच चष्मेवाले बारीक आवाजात बोलत असायचे. एकदा धीर करून म्हणालो, "मामा, वर आहेत की." त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं. वर बघितलं नाही. म्हणाले, "मनानं लिवू नको."

तेव्हा मला कळलं. पण कान गेल्याचं मुकादमाला समजलं असतं, तर त्यांना घरीच बसवलं असतं. मिलमध्ये सळी रोलमधून उसळली की 'हटो' ऐकूनच माणूस वाचतो. मी कुणाला बोललो नाही. पाळीत त्यांच्या शेजारी उभा राहायचो आणि हाक आली की दंड धरून ओढायचो.

एके दिवशी मला दुसऱ्या भट्टीवर पाठवलं. सळी सुटली. चौघं ओरडले, मामा हलले नाहीत. मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्याचं ध्यान पाखरात असंल." सगळ्यांनी मान हलवली. मीही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तेव्हा मामींनी विचारलं, "त्येंला ऐकू येईना झाल्तं का रे? तू संगं असायचा."

मी नाही म्हणालो.

"बरं," म्हणाल्या, आणि शेजारून आलेली भाकरी माझ्या ताटात वाढली.