बियाचे शेंगदाणे

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बचत गटाच्या कुठल्याशा शिबिरातून आल्या आणि हात धुऊन प्लास्टिकच्या मागे लागल्या. जाफराबादजवळच्या आमच्या गावातल्या घरात नुसती कॅरीबॅग दिसली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. जुन्या धोतरांच्या, लुगड्यांच्या पिशव्या त्यांनी शिवल्या, डाळी-दाणे सगळे त्यांत भरले. निघालेलं प्लास्टिक रिकाम्या बाटल्यांत काठीनं ठासायचं आणि बाटली विटेसारखी कडक झाली की अंगणातल्या फुलझाडांभोवती पुरायची. त्यांचा हा झपाटा बघून मी जालन्यात बसून हसायचे. पण पिशव्या मलाही आवडायच्या, आणि माझ्याही स्वयंपाकघरातलं प्लास्टिक बघता बघता कमी झालं होतं.

त्या दुपारी गावाकडच्या एका शेजाऱ्यानं एसटीनं येताना अशाच चार-पाच पिशव्या आणून दिल्या. मी त्या लावत होते, तेवढ्यात मामंजींचा फोन आला.

"सूनबाई, शेंगदाण्याची पिशवी आली का तिकडं?"

"आली की."

"बिलकुल खाऊ नका! बियाचे हायेत ते, पेरून उरलेले. औषध लावेल हाय त्याला."

मामंजींची एक पद्धत आहे. बियाण्याला औषध चोळलं की त्याची रिकामी प्लास्टिकची पुडी ते उरलेल्या दाण्यांवरच ठेवतात. पुडी दिसली की हात लावायचा नाही, हे आमच्या घरात लेकराबाळांनाही ठाऊक. आत्याबाईंनी ती पुडी पाहिली होती, पण पिशव्या भरताना त्यांच्या डोळ्यांना फक्त प्लास्टिक दिसत होतं. पुडी गेली बाटलीत आणि दाणे कापडी पिशवीत.

मी वळून पाहिलं. माझी पाच वर्षांची मुलगी फरशीवर बसली होती, पिशवी मांडीत, आणि तिचं तोंड हलत होतं.

मी बोट घालून तिच्या तोंडातलं काढलं. ओठांना गुलाबी भुकटी लागली होती. लाल सालीच्या दाण्यांवर ती कुणाला दिसणार! "किती खाल्लेस?" म्हटलं, तर म्हणाली, "थोडेसे." तिला उचलून रिक्षात कशी बसले, ते मला आजही आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं?" मी मामंजींना फोन लावला. "दुकानदारानं दिलं ते लावलं. नाव कुठं ध्यानात ऱ्हातंय," ते म्हणाले. दुकानदार फोन उचलत नव्हता. नाव होतं ते पुडीवर.

आत्याबाईंनी फोन हिसकावून घेतला असावा. "कोणत्या बाटलीत ठासली, काहीच ध्यानात न्हाई गं माय! थांब, खांदून राह्यलो आम्ही. फोन ठिवू नको."

मी फोन कानाला लावूनच उभी राहिले. कुदळीचे घाव ऐकू येत होते, मग विळ्यानं बाटली चिरल्याचा आवाज, मग मामंजी, "ह्याच्यात न्हाई. दुसरी घे." इकडे मुलीला उलट्या सुरू झाल्या. मग उलट्या थांबल्या आणि ती गप्प पडून राहिली. माझी मुलगी झोपेतसुद्धा बडबडते. तिचं ते गप्प होणं मला सहन होईना. मी तिला हलवत होते, नर्स मला बाजूला करत होती, आणि फोनमध्ये अजून बाटल्याच चिरल्या जात होत्या. आत्याबाईंनी किती घट्ट ठासलं होतं सगळं! मला त्यांचा राग आला, आणि भीती इतकी की तो रागही टिकेना.

शेवटी फोटो आला. विळ्यानं पुडीचे दोन तुकडे झाले होते. ते जोडून तळहातावर धरले होते आणि तो तळहात रक्तानं माखला होता. डॉक्टरांनी फोटो मोठा करून नाव वाचलं, नर्सला भराभर काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी मुलीनं डोळे उघडून पाणी मागितलं. मी तिथंच खाली बसून रडले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई दवाखान्यात आल्या, हाताला पट्टी बांधलेली. दारातच उभ्या राहिल्या, मी हात धरून आत आणलं तेव्हा आल्या.

आमच्या पिशव्या आजही कापडीच आहेत. बियाणं तेवढं आता घरात येत नाही, शेतातल्या खोलीत कुलपात असतं. आत्याबाई आल्या की नातीला भरवायला बसतात. घास आधी स्वतः खातात, थोडं थांबतात, आणि मगच तिला देतात. मुलगी वैतागते, "आजी, जल्दी दे ना!" मी मध्ये पडत नाही. त्या नसतात तेव्हा मीही तसंच भरवते.